पीई फंडाला सॉफ्टवेअर कंपनी विकताना एका ओळीवर गेलेले सहा आठवडे

वार्षिक वर्गणीवर चालणारी एक सॉफ्टवेअर कंपनी प्रायव्हेट इक्विटी फंडाने घेतली, तेव्हा विकणाऱ्या बाजूचे हिशेब माझ्याकडे होते. बँकर, मॅनेजमेंट प्रेझेंटेशन, एलओआय (किंमत आणि मुख्य अटींचं प्राथमिक पत्र) हे सगळं वेळेत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पुढचे सहा आठवडे मात्र ताळेबंदातल्या एका ओळीवर गेले, आणि ते टाळता आले असते ही चुटपुट अजून जात नाही. ती ओळ डिफर्ड रेव्हेन्यूची, म्हणजे ग्राहकांकडून आगाऊ घेतलेल्या पण सेवा अजून द्यायची असलेल्या रकमेची.

एलओआयमधला मोठा आकडा कोणाच्याही हातात पडत नाही. तो 'कॅश-फ्री, डेट-फ्री' धरलेला असतो. त्यात कंपनीतली रोख मिळवायची, कर्ज वजा करायचं. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, दिवशीचं खेळतं भांडवल (रोजच्या व्यवहारातली येणी वजा देणी) ठरलेल्या पातळीपेक्षा, म्हणजे पेगपेक्षा, जितकं जास्त-कमी असेल तितकी किंमत वर-खाली करायची. उरेल ते शेअरहोल्डरांचं. पेग बहुधा मागच्या १२ महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. 'कर्ज' कशाला म्हणायचं, हे मात्र एलओआयमध्ये कोणी लिहीत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो.

एका ग्राहकाने १ जानेवारीला वर्षाचे १,२०० भरले असं समजा. ३१ मार्चला त्यातले ३०० उत्पन्न झाले, ९०० डिफर्ड राहिले. फंडाचे सल्लागार म्हणतात, रोख तुम्ही घेऊन जाणार आणि नऊ महिने सेवा आम्ही द्यायची, म्हणजे ९०० हे कर्जच. हा मुद्दा अगदी चुकीचा नाही, म्हणूनच तो खोडायला जड जातो. पण ग्राहकाला ९०० परत द्यायचे नसतात, सेवा द्यायची असते. होस्टिंग आणि सपोर्टचा खर्च उत्पन्नाच्या २० टक्के असेल, तर खरा बोजा १८० चा. वाटाघाटीत हाच आकडा धरून बसा, आणि तो २० टक्के कसा काढला याचा खातेनिहाय तक्ता आधीच तयार ठेवा. विक्री आणि मार्केटिंगचा खर्च त्यात घेऊ नका, कारण तो ग्राहक मिळवतानाच होऊन गेलेला असतो. इम्प्लिमेंटेशनसाठी आगाऊ घेतलेली रक्कम मात्र वेगळी दाखवा. तिथे माणसांचे तास लागतात, खर्चाचं प्रमाण खूप जास्त असतं. ती वर्गणीत मिसळली की २० टक्क्यांच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

अमेरिकी लेखापद्धतीत पूर्वी खरेदीनंतर डिफर्ड रेव्हेन्यू फेअर व्हॅल्यूवर (त्या दिवशीच्या वाजवी मूल्यावर) आणावा लागे आणि तो आकसायचा. तिथली लेखामानकं ठरवणाऱ्या एफएएसबीने ऑक्टोबर २०२१ मध्ये एएसयू २०२१-०८ हा बदल काढल्यापासून तो साधारणपणे विक्रेत्याच्या पुस्तकातल्याप्रमाणेच पुढे नेला जातो. त्यावरून 'पूर्ण आकडा आमच्या पुस्तकात येतो, म्हणून पूर्ण आकडा कर्ज' असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. नोंद कशी करायची आणि किंमत किती द्यायची हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सगळ्यात महागडी चूक दुहेरी मोजणीची. डिफर्ड रेव्हेन्यू कर्जात धरला तर तो खेळत्या भांडवलातून काढायचा, पेगमधून आणि क्लोजिंगच्या हिशेबातूनही. करारनाम्याच्या मसुद्यात तो पेगमधून गेलेला आणि क्लोजिंगच्या व्याख्येत राहिलेला आढळतो. मुद्दाम केलेलं नसतं. वकील व्याख्या लिहितात, अकाउंटंट तक्ता करतात, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणी वाचत नाही. ते काम विक्रेत्याच्या फायनान्सवाल्यालाच करावं लागतं. वर्गणीच्या धंद्यात खेळतं भांडवल बहुधा उणे असतं, त्यामुळे चिन्हांचाही घोटाळा होतो. पेग उणे ४०० आणि क्लोजिंगला उणे ५५० असेल, तर किंमत १५० ने कमी होते. असा एक सोडवलेला हिशेब, खाते क्रमांकांसह, करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडून घ्याच.

दुसरं ऋतुमानाचं. नूतनीकरणं एकाच हंगामात एकवटत असतील, तर डिफर्ड रेव्हेन्यूची सरासरी ६०० आणि हंगाम संपताना ९५० असं होऊ शकतं. खेळतं भांडवल ३५० ने खाली दिसतं आणि तेवढी किंमत कापली जाते. ग्राहकांची रोख आलेली असेल आणि विक्रेत्याच्या वाट्याला धरली जात असेल, तर हिशेब बरोबर जुळतो. पण करारात रोखीवर कमाल मर्यादा असली की त्यावरची रोख फुकट जाते आणि कपात तशीच राहते. ती मर्यादा मी तिसऱ्या मसुद्यात पाहिली, पहिल्यातच पाहायला हवी होती. उपाय दोन: मर्यादा काढून टाकणं, किंवा क्लोजिंगच्या महिन्यानुसार बदलणारा पेग.

हे सगळं बोलायला आधी आकडा पक्का लागतो, आणि तो पक्का नसतो. लेजरमधला डिफर्ड रेव्हेन्यू बिलिंगच्या यादीशी जुळत नाही. कारणं ठरलेली असतात: मध्येच वाढवलेले युजर, उशिरा नोंदलेल्या क्रेडिट नोट, करार सुरू होण्याआधी काढलेली बिलं, आणि काही वर्षांची एकदम भरलेली रक्कम. बिल काढलं पण पैसे आले नाहीत आणि सेवाही सुरू नाही, अशा नोंदी येणी आणि डिफर्ड दोन्हीकडून काढून टाका, नाहीतर दोन्ही बाजू फुगतात. ग्राहकागणिक एक ओळ, त्यात कराराची सुरुवात, शेवट, बिलाची तारीख, रक्कम, पैसे आल्याची तारीख आणि दरमहा शिल्लक, असा निदान २४ महिन्यांचा तक्ता करा. याच तक्त्यावरून एआरआरही (वर्गणीचं वार्षिक आवर्ती उत्पन्न) जुळवून दाखवता येतो. तो नसल्यामुळे आम्हाला तोच प्रश्न आर्थिक, कर आणि कमर्शियल अशा तीन टीमकडून आला आणि तिन्ही उत्तरांत थोडा थोडा फरक पडला. तो फरक निस्तरण्यातच दोन आठवडे गेले. तेवढ्यात एक्सक्लुझिव्हिटीची मुदत चालूच असते. दुसऱ्या खरेदीदाराशी बोलता येत नाही, आणि दर आठवड्याला विक्रेत्याचं वजन कमी होतं.

म्हणून एलओआयवर सही करण्याआधी एक वाक्य घालून घ्या: १२ महिन्यांच्या आतला डिफर्ड रेव्हेन्यू खेळत्या भांडवलात, त्यापुढचा सेवाखर्चाइतका कर्जात. १२ महिन्यांपुढच्या भागावर हटून बसू नका, तिथे खरेदीदाराची बाजू खरंच भक्कम असते. आम्ही शेवटी याच सूत्रावर आलो, सहा आठवड्यांनी. मिटलं तेव्हा खूप हलकं वाटलं, पण हेच पहिल्या दिवशी एका ओळीत झालं असतं.

आधी सांगायचं राहिलं: बाहेरच्या डेव्हलपरांनी लिहिलेल्या कोडची मालकी कंपनीकडे आली आहे, असे सही केलेले कागद बँकर नेमण्याआधी गोळा करा. २००९ मध्ये ईबेने स्काइपचा मोठा हिस्सा सिल्व्हर लेक या पीई फंडाच्या गटाला २.७५ अब्ज डॉलरच्या मूल्यांकनाने विकायला घेतला, तेव्हा मूळ पीअर-टू-पीअर तंत्र संस्थापकांच्या जोल्टिड या वेगळ्या कंपनीकडे होतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीत संस्थापकांच्या बाजूला १४ टक्के हिस्सा मिळाला. ग्राहकांच्या करारांत मालकी बदलल्यास संमती लागते का, हेही तेव्हाच पाहून ठेवा.

क्लोजिंगनंतर हिशेब संपत नाही. ६० ते ९० दिवसांत खरेदीदार अंतिम आकडे पाठवतो, आक्षेपाला बहुधा ३० दिवस मिळतात आणि तोवर काही रक्कम एस्क्रोत (तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात) अडकलेली असते. आकडे कोणत्या क्रमाने ठरणार ते करारात हवं: आधी करारातली विशिष्ट धोरणं, मग कंपनीची जुनी पद्धत, मग लेखामानकं. क्रम उलटा लागला तर नव्या मालकाचा अकाउंटंट बुडीत येण्यांची तरतूद वाढवून किंमत खाली आणू शकतो. तोवर पुस्तकं त्यांच्या ताब्यात गेलेली असतात. त्यामुळे ती पाहण्याचा हक्क करारात लिहून घ्या, आणि करारात मुभा घेऊन क्लोजिंगच्या दिवशीचं लेजर, बिलिंगची यादी आणि तो २४ महिन्यांचा तक्ता यांची प्रत विक्रेत्यांच्या वकिलाकडे ठेवा.