ड्रेकचा कारखाना, नोंद ७ : साडेतेरा कोटी सापडले, नफा मात्र गेला

सापडलं! ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात मी ड्रेक नावाची जहाजं बांधून विकतो. त्या हिशोबातली जी गळती डिसेंबरपासून माझं डोकं खात होती, ती परवा रात्री पावणेदोनला सापडली. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझी हिशोबाची शीट एक नफा दाखवते आणि खेळातलं वॉलेट दुसरा, आणि दोघांमधला फरक दर महिन्याला जवळपास तेवढाच निघतो. चोरी असती तर आकडा कमीजास्त झाला असता. दर महिन्याला तेवढाच फरक पडतो म्हणजे कुठेतरी नियमानं पैसे कापले जातायत, एवढं मनात पक्कं होतं.

फेब्रुवारीचे आकडे मांडतो, तिन्ही महिने साधारण सारखेच आहेत. ४० ड्रेक, सरासरी ५.८ कोटी इस्कला (इस्क हे खेळातलं चलन), म्हणजे विक्री २३२ कोटी. विकत घेतलेलं खनिज १४० कोटी. जॉब फी, म्हणजे जहाज बांधायला लावण्याचं शुल्क, ४. ऑर्डर लावतानाची ब्रोकर फी साडेतीन (माझं ब्रोकर रिलेशन्स हे स्किल ५ ला आहे, म्हणून दीड टक्का). सेल्स टॅक्स ७.९. शीटप्रमाणे नफा ७६.६ कोटी आणि वॉलेटमध्ये वाढ ६३.१ कोटी. साडेतेरा कोटी गायब.

पहिला संशय जॉब फीवर होता. माझा कारखाना आहे त्या सिस्टिममध्ये जानेवारीत दोन मोठ्या कॉर्पनी (खेळाडूंच्या कंपन्यांनी) आपले कारखाने आणले, त्यामुळे ही फी ठरवणारा कॉस्ट इंडेक्स चढला होता. प्रत्येक जॉबची पावती तपासली, सगळ्या बरोबर. मग बीपीओवर, म्हणजे जहाजाच्या मूळ आराखड्यावर शंका आली, एमई (खनिजाची बचत) १० समजून मी एमई ९ ची कॉपी तर लावत नाही ना? तेही नाही. या दोन तपासण्यांत दोन आठवडे गेले.

मी नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टमध्ये हिशोब बघतो. सध्या मार्च एंडिंग आहे, दिवसभर बिल्ट्या आणि डिझेलच्या पावत्या जुळवायच्या. तिथली आमची एक जुनी पद्धत आहे : महिना जुळत नसेल तर महिन्याकडे बघू नका, ज्या दिवशी गाडी हललीच नाही तो दिवस काढा. उभ्या गाडीच्या दिवशीही खर्च पडला असेल तर तो कुठून आला ते लगेच दिसतं. हीच पद्धत इथे लावायला तीन महिने का लागले, कळत नाही. परवा लावली. ११ फेब्रुवारी निघाला. त्या दिवशी एकही ड्रेक विकलं गेलं नाही, खनिज घेतलं नाही, जॉब लावला नाही. तरी वॉलेट १ कोटी ३० लाखांनी खाली.

वॉलेटचं जर्नल उघडलं, पैशांच्या प्रत्येक हालचालीची नोंद. ब्रोकर फीच्या तीन ओळी, प्रत्येकी साडेत्रेचाळीस लाखांच्या. सकाळी सातला, रात्री नऊला, रात्री साडेअकराला. या तिन्ही वेळा माझ्याच. ऑफिसला निघण्याआधी, जेवण झाल्यावर आणि झोपण्याआधी मी भाव दुरुस्त करतो.

रिलिस्ट फी! लावलेल्या ऑर्डरचा भाव बदलला की उरलेल्या मालाच्या किमतीवर पुन्हा ब्रोकर फी लागते, तिच्यात सुरुवातीची सवलत निम्मी. दीड टक्क्याचा निम्मा पाऊण टक्का. दहा ड्रेकची अख्खी ऑर्डर ५८ कोटींची, तिचा पाऊण टक्का साडेत्रेचाळीस लाख. माझी शीट फक्त ट्रान्झॅक्शन (खरेदी-विक्रीची यादी) ओढते आणि ब्रोकर फी एकदाच, ऑर्डर लावतानाची, सूत्रानं काढते. भाव बदलण्याची फी जर्नलमध्ये पडते, ट्रान्झॅक्शनमध्ये तिचा मागमूस नसतो. फेब्रुवारीत मी ४५ वेळा भाव बदलला, सरासरी तीस लाखांना. साडेतेरा कोटी. आकडा जुळला तेव्हा खुर्चीतून उठून गच्चीवर एक चक्कर मारून आलो.

ज्यांनी २०२० च्या मार्चआधी जिता ४-४ या खेळातल्या सगळ्यात मोठ्या बाजारात विक्री केली आहे त्यांना आठवेल, तेव्हा ०.०१ इस्कनं अंडरकट करायचे, म्हणजे दुसऱ्यापेक्षा तेवढाच कमी भाव लावायचे. नंतर भावाचे पहिले चारच अंक चालतील असा नियम आला. आता ५.८० कोटीच्या खाली जायचं तर ५.७९९ वर यावं लागतं, दहा हजारांची पायरी. मला कायम वाटायचं की दहा हजार म्हणजे काहीच नाही. पण दहा हजार खाली यायला मी साडेत्रेचाळीस लाख भरत होतो, तेही कधीकधी दिवसातून तीनदा.

डिसेंबर-जानेवारीचं जर्नल माझ्याकडे नव्हतं, ईएसआय ही खेळाचा डेटा देणारी सेवा साधारण तीस दिवसांच्या मागचं देत नाही. पण जेईव्हअ‍ॅसेट्स मागे चालू ठेवलं होतं आणि त्यानं सगळं साठवून ठेवलं होतं. हे सॉफ्टवेअर दिसायला जुनाट आहे, जावावर चालतं, तरी धंदा करणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या दिवसापासून लावावं असं माझं ठाम मत आहे. खेळाचं अधिकृत एक्सेल अ‍ॅड-इन २०२३ मध्ये आलं तेव्हा मीही वापरून पाहिलं होतं, पण मला सीएसव्ही हातानं ओढून लिबरऑफिसमध्ये टाकायला आवडतं. हातानं टाकलं की डोळ्याखालून जातं.

इथेच ही नोंद संपणार होती. पुढचा बेतही लिहून ठेवला होता : गळती बंद झाली, आता शिल्लक जोडून ऑर्का हे खोदकामाला मदत करणारं मोठं जहाज घ्यायचं आणि खोदकाम दुप्पट करायचं.

काल मामाजी आले. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग आहे, मृग बहाराची गाडी कळमन्याच्या बाजारात उतरवून रात्री मुक्कामाला आमच्याकडे होते. मी शीट उघडून बसलो होतो. त्यांनी खुर्ची ओढली आणि अर्धा तास एकेक रकाना विचारत बसले. ड्रेक म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं, ब्रोकर फी सांगावी लागली नाही. हमाली-तोलाई भरणाऱ्या माणसाला ती आपोआप कळते. मग बोट एका रकान्यावर थांबलं. स्वतः खोदलेलं खनिज, किंमत शून्य.

"हे फुकट कसं काय रे बाबू?"

"मीच खोदलं ना मामाजी. विकत नाही घेतलं."

"अन् घरचं शेणखत फुकट म्हून लिवतं का कोनी? इकलं असतं त पैसे आले असते नाई का."

मी काही बोललो नाही. ते पुढे म्हणाले, सरकार पिकाचा खर्च काढते तेव्हाही हेच भांडण असते. ए२ मध्ये फक्त खिशातून गेलेला पैसा, त्यात एफएल मिळवलं की घरच्या माणसांची मजुरी धरली जाते, आणि सी२ मध्ये स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याजही येतं. "तुही मजुरी कोनं धरली याच्यात?" एवढं विचारून ते झोपायला गेले.

"मी खोदलेलं खनिज फुकट" ही चूक आपल्यात इतकी जुनी आहे की नवा पोरगा असं बोलला तर आपण सगळे त्याला दुरुस्त करतो. मीही केलं आहे. आणि माझ्या स्वतःच्या शीटमध्ये तो शून्य तीन महिने बसलेला होता. मामाजी झोपल्यावर त्या रकान्यात जिताच्या बाय ऑर्डरचा, म्हणजे खरेदीदारांनी लावलेला भाव टाकला. ४० ड्रेकचं एकूण खनिज २१० कोटींचं. त्यातलं १४० विकत घेतलेलं, ७० माझं. आता २३२ मधून २१० वजा, जॉब फी ४ वजा, ब्रोकर साडेतीन वजा, टॅक्स ७.९ वजा, रिलिस्ट साडेतेरा वजा. उरले उणे ६.९ कोटी.

म्हणजे माझा कारखाना दर महिन्याला सात कोटी बुडवत होता. खनिज आहे तसं विकलं असतं तर ७० कोटी मिळाले असते. ते वितळवून, जहाजं बांधून, रात्री जागून भाव बदलून मी ६३ कोटी मिळवले. सहा नोंदींमध्ये ज्याला मी कारखान्याचा नफा म्हणत आलो ती माझी खोदकामाची मजुरी होती, आणि कारखाना तिच्यातलाच वाटा खात होता.

मग मजुरी धरायचीच तर तासही धरले. खोदकाम महिन्याला २८ तास, माल हलवणं आणि बाजार बघणं १४ तास. ६३ भागिले ४२, तासाला दीड कोटी. प्लेक्स ही खऱ्या पैशांनी मिळणारी आणि खेळात इस्कला विकली जाणारी वस्तू, आणि ५०० प्लेक्समध्ये एक महिन्याचा ओमेगा, म्हणजे खेळाची वर्गणी मिळते. हा हिशोब मांडला तेव्हा ५०० प्लेक्सला तीन अब्जांच्या आसपास मोजावे लागत होते, म्हणजे एक महिन्याच्या ओमेगासाठी माझे २०० तास. तोच ओमेगा पैसे देऊन १९.९९ डॉलरला मिळतो. तासाला दहा सेंट पडले. २००१ मध्ये एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थतज्ज्ञानं एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन खेळातल्या नोराथ या जगाची मजुरी काढली होती, ती तासाला ३.४२ डॉलर निघाली होती. तिथला माल लोक बाहेर लिलावात डॉलरला विकत. आपल्या ईव्हमध्ये प्लेक्सनं पैसा आत येतो. इस्क रुपयात विकणं करारानुसार बंद आहे, आणि ते तसंच राहावं या मताचा मी आहे.

कारण ते दार उघडं असलं की काय होतं ते आपण पाहिलं आहे. व्हेनेझुएलात चलन कोसळलं तेव्हा लोक रुनस्केप या खेळात हिरवे ड्रॅगन मारून सोनं विकत होते, घर चालवायला. २०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये अ‍ॅक्सी हा क्रिप्टो टोकनवर चालणारा खेळ खेळणाऱ्यांना 'स्कॉलर' म्हणत : खेळातले प्राणी दुसऱ्याचे, वेळ यांचा, कमाई वाटून. आमच्याकडे याला बटई म्हणतात. टोकनचा भाव पडला तेव्हा तो वेळही मातीमोल झाला. तिथे तासाचा भाव विचारणं हा पोटाचा प्रश्न होता. माझं पोट वाडीत भरतं. तरी मला माझ्या तासाचा हिशोब हवा आहे. त्याशिवाय ४२ पैकी कोणते तास मी खेळलो आणि कोणते राबलो, हे मला कळत नाही.

म्हणून आज सकाळी फेब्रुवारीचे ४२ तास आठवून लिहून काढले. शनिवारच्या फ्लीटमधले, म्हणजे सगळ्यांनी मिळून खोदायचे बारा तास, आठ-दहा जण, व्हॉइसवर गप्पा, कोणाच्या तरी घरचा कुकर शिट्टी देतोय. ते तास कोणी पैसे देऊन मागितले तरी मी देणार नाही. उरलेले सोळा खोदकामाचे तास मी एकटा, आठवड्यातल्या रात्री, रिट्रिव्हर या खोदकामाच्या जहाजाचं पोट भरायची वाट बघत. बाजाराचे चौदा तास तर निव्वळ हजेरी. खरेदीदार युरोपातले, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र साडेअकरानंतर, म्हणून जागायचं. हिशोब जुळवायचे तास मात्र मी मोजलेच नव्हते. बायको म्हणाली, ऑफिसात जे करून थकून येता तेच घरी हसत करता. खरं आहे. परवाची पावणेदोनची रात्र ही या वर्षातली माझी सगळ्यात आनंदाची रात्र होती.

तेव्हा ऑर्का रद्द. एकट्याचं खोदकाम बंद, फक्त शनिवार. लागेल तेवढं खनिज बाय ऑर्डरनं घ्यायचं. कारखाना बंद करायचाही विचार होता, पण लिहिता लिहिता आकडे पुन्हा मांडले. अ‍ॅडव्हान्स्ड ब्रोकर रिलेशन्स हे स्किल ५ ला नेलं तर रिलिस्ट फीवरची सवलत ५० वरून ८० टक्के होते. साडेतेराचे ५.४ होतात आणि कारखाना १.२ कोटी नफ्यात येतो. सकाळी ते शिकायच्या क्यूमध्ये टाकलं होतं. आत्ता काढलं. भाव बदललाच नाही तर फी शून्य आणि नफा ६.६ कोटी, मग त्या स्किलवर दिवस कशाला घालवू? दहाची एक ऑर्डर लावण्याऐवजी दोन-दोन ड्रेकच्या पाच ऑर्डरी, ५.७८ पासून ५.८६ पर्यंत पायरीपायरीनं, प्रत्येक ९० दिवसांची. भाव खाली गेला तर वाट बघायची. विक्री मंदावेल, मग ४० ऐवजी ३० बांधेन. ज्यांनी असं करून पाहिलं आहे त्यांनी पायऱ्यांत किती अंतर ठेवलं ते जरूर सांगा.

दुसऱ्या दिवशीची भर : सकाळी सातला पाचही ऑर्डरी लावल्या आणि ऑफिसला गेलो. दुपारी साडेचारचा सर्व्हरचा रोजचा डाउनटाइम होऊन गेल्यावर रात्री घरी येऊन पाहिलं : ५.७८ ची दोन्ही गेली, ५.८० मधलं एक गेलं. ५.८२ च्या खाली दोघांनी अंडरकट केलं आहे. हात लावलेला नाही.