वाकडी पाठ आणि वजन

“पाठ वाकडी हाय तुझी, वजनाला हात लावू नकोस.” मंगळवार पेठेतल्या जिममध्ये आज एका पोरीला कुणीतरी बजावलं. तिनं डंबेल गुमान खाली ठेवला.

अमेरिकन पॉवरलिफ्टर लामार गँटला स्कोलिओसिसच होता, म्हणजे मणका बाजूला वाकलेला. १९८५ साली त्यानं स्वतःच्या पाचपट वजनाची डेडलिफ्ट मारली, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभा राहिला!

प्रत्येकाला तेवढं उचलायचं नसतंच. पण दोन्ही हातांनी धरायच्या बारबेलवर दमदार बाजू जास्त भार ओढते, म्हणून एका हाताचा डंबेल रो (वाकून डंबेल कंबरेकडे ओढणं) बरा. कमजोर बाजू आधी. तिला जितक्या वेळा जमेल तितकेच रेप दुसरीला. मागून व्हिडिओ काढा. कंबर एकीकडे सरकायला लागली की सेट थांबवा.

ऑपरेशन करून पाठीत रॉड घातलेत? आधी सर्जनची परवानगी. जोडलेले मणके वाकत नाहीत, वाकायचं ते खुब्यातून. आणि पायाला मुंग्या आल्या, बधिरपणा वाटला, तर व्यायाम बंद, थेट डॉक्टर.