लिनक्स कर्नलचं घड्याळ मागे जात होतं, कीबोर्ड उगाच बदलला

घरच्या जुन्या डबल कोर डेस्कटॉपवर लिनक्स टाकलेलं, २.६ वाला कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा). पहिल्या आठवड्यापासून त्रास, एक की दाबली की कधी पाच-सहा अक्षरं उमटायची, माउस हातात असताना स्क्रीनसेव्हर लागायचा, मी कीबोर्ड नवीन आणला तरी तेच. मग एकदा मेक (प्रोग्राम बांधायची कमांड) चालवलं तर क्लॉक स्क्यूची, म्हणजे वेळा जुळत नसल्याची वॉर्निंग, आणि पिंग या नेटवर्क तपासायच्या कमांडनं तर सरळ सांगितलं की वेळ मागे जातेय. तेव्हा कुठं डोक्यात आलं की घड्याळच बिघडलंय, की किती वेळ दाबलीय आणि माउस किती वेळ हलला नाही हे मशीन घड्याळावरूनच तर ठरवतं.

मित्र म्हणाला, "अरे मदरबोर्डचा सेल गेला असेल, आधी तो बदल." सीआर२०३२ सेल आणून बदलला, फरक शून्य. पण त्या नादात एक दिसलं, मदरबोर्डचं घड्याळ वाचणारी एचडब्ल्यूक्लॉक कमांड बरोबर वेळ दाखवतेय आणि कर्नलची वेळ सांगणारी डेट कमांड चुकीची! म्हणजे सेलवर चालणारं आरटीसी (मदरबोर्डवरचं घड्याळ) ठीक होतं, कर्नल ते बूट होताना एकदा वाचतो आणि पुढं वेळ स्वतः मोजतो, गडबड त्या मोजण्यात होती. एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणारी सोय, पण लावून पाहिली पण ती हळूहळू ओढून जास्तीत जास्त ५०० पीपीएम (दहा लाखात ५००), म्हणजे दिवसाला ४३ सेकंद भरून काढतं, आणि इथं तासाभरात मिनिटांचा फरक पडत होता.

मग सी मधे दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला, लूपमधे गेटटाइमऑफडे (कर्नलला वेळ विचारणारं फंक्शन) वाचत राहायचं आणि नवी वेळ आधीपेक्षा कमी आली की छापायचं. सुरू केला आणि धडाधड ओळी पडायला लागल्या. बूटला मॅक्ससीपीयूज=१ देऊन एकाच कोरवर मशीन चालू केलं तर एकही ओळ नाही. इथं मला खरंच हुश्श झालं, कारण आता कळलं की दोन्ही कोरचे टीएससी काउंटर, म्हणजे प्रत्येक कोरमधले ठोके मोजणारे आकडे ज्यावरून कर्नल वेळ काढत होता, एकमेकांशी जुळत नाहीयेत. पॉवर वाचवायला कोरचा वेग कमी झाला की त्या मशीनवर त्याचा टीएससी पण हळू पडायचा, दुसऱ्याचा आपल्या वेगानं पुढं, आणि प्रोग्राम या कोरवरून त्या कोरवर गेला की वेळ उडी मारायची. एका घरात दोन घड्याळं आणि ज्याला जे दिसेल ते तो खरं मानतोय, तसं.

उपाय एवढाच, बूट लाइनमधे क्लॉकसोर्स (कर्नलनं वेळ कशावरून मोजायची ते) म्हणून एसीपीआय पीएम टायमर दिला, हा कोरच्या बाहेरचा वेगळा काउंटर. तो ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालतो (हा आकडा मुळात अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या सिग्नलचा, मला हे वाचून फार मजा वाटली होती) आणि कोर झोपला काय, जागा काय, त्याचा वेग बदलत नाही. वाचायला मात्र टीएससीपेक्षा बराच हळू, सारखी वेळ विचारणाऱ्या डेटाबेससारख्या कामाला ते जाणवतं, माझ्या घरच्या कामाला काहीच नाही. नंतरच्या मशीनवर मी आधी सीपीयूइन्फो फाइलमधे कॉन्स्टंट टीएससी (वेग न बदलणारा) आणि नॉनस्टॉप टीएससी (कोर झोपला तरी न थांबणारा) हे दोन फ्लॅग आहेत का बघतो, असतील तर टीएससीच ठेवतो.

त्या रात्री प्रोग्राम चालूच ठेवून झोपलो, सकाळी स्क्रीन कोरी. जुना कीबोर्ड परत लावला, तो पण नीट चालला.