मुंबई ते नागपूर : अंतर किती आणि वेळ किती?

गुडघ्यांनी जेरीस आलेल्या आईला ठाण्याहून नागपूरला मामाकडे न्यायचे ठरले, तेव्हा या दोन शहरांमधले अंतर नेमके किती, हा वरवर साधा दिसणारा प्रश्न मला कागद-पेन घेऊन सोडवावा लागला. रेल्वेच्या हिशेबाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नागपूर हे अंतर 837 किलोमीटर भरते, कारण लोहमार्ग मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळणे घेत जातो. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ठाणेकरांना तो जवळपास दारातच आला आहे. सरळ हवाई अंतर मात्र 680 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे 370 सागरी मैल आहे.

साधे प्रवासी जेट विमान उंचीवर गेल्यानंतर ताशी 800 किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाते, तेव्हा हे अंतर पाऊण-एक तासात संपायला हवे. तरीही तिकिटावर सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांत दीड तासाचे अंतर होते. चौकशीअंती कळले की तिकिटावरचा वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंत मोजतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी मुख्यतः एकच वापरात असते, त्यामुळे रांगेत थांबण्याचा वेळही त्यात आधीच धरलेला असतो. आमच्या वैमानिकाने उड्डाणापूर्वी प्रत्यक्ष हवेतला वेळ एक तास पाच मिनिटे असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा हिशेब पटला.

आईच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो घरापासून घरापर्यंतचा वेळ. त्यात ठाण्याहून विमानतळ गाठायला लागणारा तास-दीड तास (सकाळच्या गर्दीत तो किती वाढेल हे घोडबंदर रोडवरच्या माणसाला सांगायला नको), व्हीलचेअरची व्यवस्था होऊन सुरक्षा तपासणी पार पडेपर्यंतचा अवधी, आणि सामान पट्ट्यावर येण्याची वाट धरली, तर एकूण सहा तासांच्या जवळ गेले. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवली होती, त्यामुळे काउंटरवर खोळंबा झाला नाही. नागपूरचे विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच असल्याने तिकडचा शेवटचा टप्पा किरकोळ ठरला.

मोटारीने हाच प्रवास थांबे धरून नऊ तासांचा, आणि रात्रीच्या दुरांतोने साधारण अकरा-बारा तासांचा झाला असता. तीन तासांच्या बचतीसाठी विमानाचे भाडे द्यावे का, असे मोठ्या भावाने विचारले होते. माझ्या मते बचत तासांची नव्हे, बसून राहण्याची होती, कारण आईला सलग पाय दुमडून बसावे लागले ते जेमतेम दीड तास. धडधाकट माणसाने मात्र रात्री गाडीत झोपून सकाळी नागपूर गाठावे, हेच मला अधिक शहाणपणाचे वाटते.

परतीच्या विमानाला पश्चिमेकडे येताना समोरचा वारा लागतो, विशेषतः हिवाळ्यात, आणि मुंबईवर गर्दी असली की उतरण्याआधी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. म्हणून ठाण्याला परतण्याची गाडी मी तिकिटावरच्या वेळेनंतर तासाभराने सांगून ठेवली.