ब्लाँडी आणि गाळलेली आठवी मात्रा

सोमवार, ६ एप्रिल २०२६

क्लेम बर्क जाऊन आज वर्ष झालं. ब्लाँडीचा ड्रमर. त्यामुळे सकाळपासून त्यांचं 'हार्ट ऑफ ग्लास' हे गाणंच चालू आहे.

न्यूयॉर्कचा हा बँड १९७४चा. १९८२ साली फुटला, गिटारवादक क्रिस स्टाइन गंभीर आजारी पडला, आणि १९९७ साली मंडळी परत जुळली. दुसरी खेळी पहिलीच्या तिपटीहून लांब चालली. लोक याचं श्रेय गायिका डेबी हॅरीच्या चेहऱ्याला देतात. ते थोडंफार खरंही आहे, पण माझा कौल ठेक्याला.

'हार्ट ऑफ ग्लास'चा सांगाडा १९७५ पासून त्यांच्याकडे पडून होता. कधी फंकच्या अंगाने, कधी रेगेच्या अंगाने वाजवून पाहिला, बसेना. १९७८ साली निर्माता माइक चॅपमन आला आणि रोलँडची सीआर-७८ ही ठेक्याची पेटीही. तिच्यात मांबो, बिगीन, वॉल्ट्झ असे तयार ठेके, एकेका बटणावर. दोन बटणं एकदम दाबली की दोन्ही ठेके एकमेकांत मिसळतात. इथे मांबो आणि बिगीन मिसळलेत. सुरुवातीची ती टिकटिक म्हणजे हीच पेटी. मग तिच्या बरोबरीने बर्कचे ड्रम. तेही एका बैठकीत नाही, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वेगळा, बाकीचं वेगळं, सुटं सुटं वाजवून. माणसाला यंत्राशी तंतोतंत जुळवायचं म्हणजे तास न् तास जाणारच.

वाजवणाऱ्यांसाठी: लय मिनिटाला साधारण ११५ ठोके. किक चारही मात्रांवर, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या-चौथ्यावर, हाय-हॅट (झांजांची जोडी) मात्रेला चार. म्हणजे मिनिटाला ४६० फटके! दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या कव्हर बँडची गाडी इथेच घसरते. उत्साहात लय १२०च्या पुढे जाते, तिसऱ्या मिनिटाला मनगट भरून येतं, मग हॅट गुपचूप मात्रेला दोनवर येतो आणि गाण्याचं साधं रॉक होऊन जातं. दुसरी चूक गायिकेची. ही चाल हलक्या, पातळ आवाजात आहे. छातीतून जोर लावला की काच फुटलीच म्हणायची.

आणि मधला वाद्यांचा तुकडा. तिथे आवर्तन आठाऐवजी सात मात्रांचं होतं. आपल्याकडे रूपक ऐकलेल्या माणसाला सातांचं काय कौतुक, असं वाटेल. पण इथे ते डिस्कोत लपवलंय. नाचणाऱ्याचे पाय डावा-उजवा पडतच राहतात, फक्त सम एकदा डाव्यावर येते, पुढच्या वेळी उजव्यावर. काहीतरी निसटलं एवढं कळतं, काय ते कळत नाही. पन्नासाव्यांदा ऐकतानाही हीच जागा कान टवकारते. ड्रमरने 'चूक दुरुस्त' करायला तिथे आठवी मात्रा भरली की बास चुकतो, मग कीबोर्ड, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

पुनर्मीलन मात्र काही गोड नव्हतं. गिटारवादक फ्रँक इन्फान्टे आणि बासवादक नायजेल हॅरिसन या जुन्या साथीदारांना परत घेतलंच नाही. ते कोर्टात गेले आणि हरले. २००६च्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात इन्फान्टेने मंचावरच 'आम्हालाही वाजवू द्या' म्हणून विनवलं, हॅरीने नकार दिला. बघायला अवघडच. पण जुन्या गाण्यांवर पोट भरायचं असतं तर १९९७ नंतर नव्या गाण्यांची गरज नव्हती, आणि यांनी तर नवी गाणी केली. कीबोर्डवादक जिमी डेस्ट्रीचं 'मारिया' हे गाणं फेब्रुवारी १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं; 'हार्ट ऑफ ग्लास' तिथे पोहोचलं त्याला बरोबर वीस वर्षं झाली होती. हॅरी तेव्हा ५३ वर्षांची. २०२३ला ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात ती ७७ची होती. आवाज उतरलेला, पण मागे बर्क पेटीसारखाच नेमका.

त्या नेमकेपणाची किंमत मोजलेली आहे. दोन ब्रिटिश विद्यापीठांनी कार्यक्रमाच्या वेळी त्याच्या हृदयाचे ठोके नोंदवले: मिनिटाला सरासरी १४० ते १५०, कधी १९०. फुटबॉलपटूच्या तोडीची मेहनत, तीही बसल्या जागी.

रात्री हेडफोन लावून एकदा फक्त हाय-हॅट ऐकायचा. बाकी सगळं सोडून.