टक्के घसरले, माणसं वाढली

शाळांच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत मी आहे. केंद्रप्रमुखांच्या प्रशिक्षणासाठी एक तक्ता हवा होता: प्राथमिक शाळेतले पुरुष शिक्षक, निरनिराळे देश, जितकी जुनी मिळतील तितकी वर्षं. मॅडमनी मथळाही सुचवून ठेवला होता, ‘पुरुषांनी शाळा सोडली’.

युनेस्कोच्या तक्त्यात टक्केवारी असते ती शिक्षिकांची. शंभरातून वजा केली की पुरुष मिळतात. रशियात शंभरात एखादा, इटलीत चार-पाच, जपानमध्ये साधारण एक तृतीयांश, आणि आफ्रिकेतल्या चाडमध्ये तीन चतुर्थांशांहूनही जास्त. भारताची रेघ सरळ उतरत आलेली. मथळा अगदी शोभत होता.

जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवलेले एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्याकडे मदतीला येतात. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. रेघ बघून ते म्हणाले, “ताई, टक्के राहू द्या बाजूला. माणसं किती होती, ते सांगा.”

मग केंद्र सरकारच्या जुन्या तक्त्यातले आकडे काढले. मी वाचत गेले, गुरुजी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने मांडत गेले. 1950-51 मध्ये देशात प्राथमिकचे पुरुष शिक्षक 4.56 लाख, शिक्षिका 82 हजार. 2000-01 मध्ये पुरुष 12.21 लाख, शिक्षिका 6.75 लाख. पुरुषांचा वाटा 85 टक्क्यांवरून 64 वर आला, पण पुरुष झाले अडीच पटींहून जास्त. शिक्षिका मात्र आठ पट वाढल्या. गुरुजींनी 12.21 खाली दोन रेघा ओढल्या. “म्हणजे आम्ही कुठे गेलोच नव्हतो. बाई आल्या, एवढंच.”

त्या कशा आल्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. 1987 साली खडू-फळा मोहीम सुरू झाली. शाळेत निदान दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक शिक्षिका, असं त्यात ठरलं होतं. गुरुजींची वाडीवरची शाळा तेव्हा एकशिक्षकी, चारही वर्ग एका खोलीत. दुसऱ्या जागेवर बाई रुजू झाल्या, आणि तिसरीत नाव कमी करून घरी बसवल्या जाणाऱ्या मुली चौथीची परीक्षा देऊ लागल्या. हे सांगताना ते मुलींची नावंसुद्धा घेत होते. रेघेची घसरण त्यांच्या शाळेत अशी दिसली होती, आणि तिला तक्रारीचा मथळा द्यावा हे मला पटेना.

ताडून बघायला अमेरिका घेतली. तिथल्या सरकारी शाळांचे आकडे फार जुने मिळतात, फक्त त्यात हायस्कूलही धरलेलं असतं. 1879-80 मध्ये पुरुष सुमारे 43 टक्के होते, 1919-20 मध्ये 14. रेघ आपल्यासारखीच, पण तिथे पुरुषांची संख्याही खरोखर घटली होती. शाळा भराभर वाढत होत्या, शिक्षिका कमी पगारात मिळत होत्या आणि पुरुषांना बाहेर जास्त पगाराची कामं होती. त्या चाळीस वर्षांबद्दल ‘पुरुषांनी शाळा सोडली’ म्हटलं तर चालेल. आपल्या त्या पन्नास वर्षांबद्दल नाही.

बाकी अडचणी नेहमीच्याच. जर्मनीत बहुतेक ठिकाणी प्राथमिक चार वर्षांचं, नॉर्वेत सात. वरचे वर्ग धरले की पुरुषांचा वाटा बहुधा वाढतो. नेदरलँड्समध्ये प्राथमिकच्या पुष्कळ शिक्षिका अर्धवेळ काम करतात, त्यामुळे डोकी मोजली तर पुरुष कमी दिसतात आणि तास मोजले तर जरा जास्त.

संध्याकाळी मॅडमपुढे दोन आलेख ठेवले, टक्क्यांचा आणि माणसांचा. त्यांनी दोन्ही नीट पाहिले आणि मथळा स्वतःच खोडला. नवा मथळा ‘शिक्षिका किती वाढल्या?’ असा झाला, आणि माणसांचा आलेख आधी घ्यायचं ठरलं. 2019-20 मध्ये भारतातल्या सर्व शाळा मिळून शिक्षिका निम्म्यांहून जास्त झाल्या, तेही त्यात आलं. गुरुजींचं समाधान अजून झालेलं नाही. देशाचा आकडा त्यांना पुरत नाही. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत शिक्षिका किती पोचल्या, हे त्यांना तालुकावार हवंय. ते काम आता माझ्याकडे आहे.