तुम्ही विचारलंत म्हणून: ‘इलियड’मधल्या लढाया गाळून चालेल का?

‘इलियड’ हे ग्रीक आणि ट्रॉय यांच्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य. ते वाचायला घेतलेली माणसं मला हटकून हे विचारतात. ग्रीक योद्धा अकिलीसचा राग, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर आणि त्याची बायको अँड्रोमाकी यांची भेट, मुलाचं, म्हणजे हेक्टरचं, प्रेत मागायला शत्रूच्या तंबूत गेलेला ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, एवढं वाचलं की भागेल ना?

नाही भागत. अगदी कळकळीने सांगतो, लढाया गाळू नका.

चौथ्या सर्गात सिमोइसियस नावाचा ट्रॉयचा एक कोवळा पोरगा येतो आणि काही ओळींतच मरतो. तेवढ्यात होमर त्याचा जन्म सांगतो. त्याची आई आपल्या आईवडिलांबरोबर मेंढरं बघायला गेली होती. इडा डोंगरावरून उतरताना सिमोइस नदीच्या काठी हा झाला, म्हणून हे नाव. आईबापांचे पांग फेडायचे राहूनच गेले. ग्रीक योद्धा एजॅक्सचा भाला छातीतून खांद्यापार जातो आणि तो कोसळतो, रथाच्या चाकासाठी तोडलेल्या, मग नदीकाठी वाळत पडलेल्या पॉप्लरसारखा.

सहाव्या सर्गातला अॅक्सिलस रस्त्याकाठी राहायचा, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचं आदरातिथ्य करायचा. ग्रीकांचा डायोमिडीज त्याला मारतो तेव्हा त्या पाहुण्यांपैकी एकही आडवा येत नाही. अकराव्यातल्या इफिडमासचं तर नुकतं लग्न झालेलं. बायकोसाठी 100 गुरं देऊन तो लढाईवर आलेला.

हे तिघेही ट्रॉयच्या बाजूचे, आणि कवी ग्रीक. युद्धाची शोभा तो लपवत नाही, जखमाही नाही. भाला कुठून शिरला आणि कुठून निघाला हे तो नेमकं सांगतो. पण मरणाऱ्याचं घर कुठं होतं, मागे कोण राहिलं, हेही सांगितल्याशिवाय त्याला बरेचदा पुढे जाववत नाही. मला होमरचं मोठेपण इथं दिसतं. बाविसाव्या सर्गात अँड्रोमाकी दासींना हेक्टरच्या आंघोळीसाठी पाणी तापवायला सांगते. तो मेलाय हे तिला अजून कळलेलं नाही. मधली सगळी मरणं वाचून तिथं पोचलात, तर ते एकट्या राजघराण्याचं दुःख राहत नाही.

काव्याचे 24 सर्ग आहेत, ओळी 15,000 हून जास्त. दमछाक होणार. फारच झालं तर पहिल्या वाचनात दुसऱ्या सर्गातली जहाजांची लांबलचक यादी बाजूला ठेवा. चौथा, पाचवा, सहावा मात्र ओळन् ओळ वाचा, जमलं तर मोठ्यानं.